‘काळपट झेरॉक्स’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुम्ही रिव्ह्यू मराठीत लिहिलात, म्हणून लंडनच्या दुकानातून उत्तरही मराठीतच. एक स्टार, आणि तक्रार थोडक्यात अशी: इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं चित्र म्हणून घेतलं, हातात आली काळपट झेरॉक्स. रंग नाही, सही नाही, फोटोत मात्र लख्ख दिसत होतं.

फोटोबाबत चूक सपशेल माझी. काढताना उजेड वाढवला आणि सगळी सावलीच धुऊन गेली. कालच नवा टाकलाय.

पण झेरॉक्स? हा शब्द काही घशाखाली उतरत नाही. तुमच्याकडे आहे ते ‘स्प्रिंग’, इंग्लंडमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावच्या माळावरची नांगरणी. कॉन्स्टेबलने १८३० पासून पदरचे पैसे घालून इंग्लिश निसर्गदृश्यांची जी मेझोटिंट, म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांची, मालिका काढली, त्यातलं. रंग नाहीत ते मुद्दामच. त्याला निसर्गातला ऊन-सावलीचा खेळ दाखवायचा होता. मेझोटिंटमध्ये धातूची प्लेट आधी दातेरी हत्याराने सगळी खडबडीत करतात. तशीच छापली तर नुसता मखमली काळोख उमटेल. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचं, घासून गुळगुळीत करायचं. एकदा खिडकीशी उभं राहून पवनचक्कीमागचे ढग बघा, जमलं तर भिंगातून. ते पांढरे रंगवलेले नाहीत, काळ्यातून उकरून काढलेत.

पेन्सिलीने सही करायची पद्धत बरीच नंतरची. नावं चित्राखाली कोरलेली आहेत: चित्रकार कॉन्स्टेबल, कोरणारा डेव्हिड लुकस. हे खरवडण्याचं काम सगळं लुकसचं. कॉन्स्टेबल प्रूफांवर, म्हणजे चाचणीच्या छापांवर, दुरुस्त्या करकरून त्याला भंडावून सोडायचा. पुढे १८८१ मध्ये लुकस लंडनमधल्या फुलमच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये वारला. आणि मी काय केलं, तर वर्णनात कॉन्स्टेबल ठळक आणि लुकस खाली बारीक अक्षरात. कॉन्स्टेबलच्या नावावर माल खपतो, दुसरं कारण नाही. तुमचा गैरसमज तिथूनच झाला असणार. तेही बदललंय.

तरी नको असेल तर खुशाल परत करा. पूर्ण पैसे देईन, टपालखर्चही माझा. फक्त आलं तसंच दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. गुंडाळी नको, आणि चिकटपट्टी कागदाला लागू देऊ नका.