टायरच्या पिवळ्या दिव्याबद्दल तुमच्या तक्रारीला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की दुपारी आमच्याकडे हवा भरून घेतली, डॅशबोर्डवरचा दिवा गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करताच तो परत पेटला. पुन्हा आलात तेव्हा आमच्या दुकानातल्या मुलाने ‘सेन्सर (चाकातल्या हवेचा दाब मोजून स्क्रीनवर पाठवणारे) गेलेत, चारही बदला’ असं सांगून टाकलं. तुम्ही बदलले नाहीत ते बरं झालं. सेन्सरबद्दल आम्ही सांगितलं ते साफ चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

चुकीचं होतं हे मला तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच कळलं. त्या सकाळी स्क्रीनवर डावं मागचं चाक २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आणि बाकीची तीन २८ दाखवत होती, आणि घरच्या गेजवरही, म्हणजे दाब मोजायच्या मीटरवरही, तेच आलं. हातातल्या गेजशी जुळणारा आकडा देणारा सेन्सर बिघडलेला कसा असेल? शिवाय दिवा सलग पेटला होता, असं तुम्ही लिहिलंय. सेन्सरची बॅटरी संपली किंवा यंत्रणेतच बिघाड असला, तर बहुतेक गाड्यांत हा दिवा आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. पहिल्यापासून सलग पेटला, तर हवा कमी आहे. ‘दिवा लुकलुकतो का?’ एवढा एक प्रश्न आमच्या माणसाने विचारायला हवा होता. त्याने तो विचारला नाही, आणि त्याला तो शिकवला नव्हता ही चूक माझी.

मग हवा गेली कुठे? तीन चाकांतली कुठेच गेली नाही. तुम्ही लांबचा प्रवास करून आला होतात, टायर तापलेले होते, आणि आम्ही त्या तापलेल्या टायरमध्ये मोजून ३३ पीएसआय भरले. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेत ते थंड टायरसाठी, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. हवेचं तापमान १० अंशांनी उतरलं की दाब दीड ते दोन पीएसआयने उतरतो. प्रवासातून आलेला टायर आणि पहाटेचा गार टायर यांत तीसेक अंशांचा फरक सहज पडतो. ३३ चे २८ तिथेच झाले. नायट्रोजन भरूनही दाब उतरला याचा तुम्हाला राग आलाय. नायट्रोजनही थंडीत तितकाच आकसतो, आणि साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. ‘नायट्रोजन असला की बघायला नको’ असं आमच्याकडून कोणी म्हटलं असेल तर ते म्हणायला नको होतं. त्याचे पैसे परत घेऊन जा.

मला काळजी आहे ती डाव्या मागच्या चाकाची. बाकीची २८ वर थांबली आणि ते एकटं २६ वर गेलं. एका रात्रीत दोन पीएसआय जास्त, म्हणजे तिथे बारीक गळती आहे. व्हॉल्व्हचं टोपण काढा, तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभर बघत राहा. थेंब हळूहळू फुगायला लागला, की आतली पिन गळतेय. तो तसाच राहिला तर टायरच्या नक्षीत खिळा शोधा. गाडी अर्धं चाक पुढे घेऊन पुन्हा बघा, कारण जमिनीला टेकलेला भाग पहिल्यांदा दिसत नाही. खिळा सापडला तर उपटू नका, तसाच घेऊन या. काहीच सापडलं नाही तर रिम आणि टायरच्या सांध्यातून हवा जात असेल, त्यासाठी चाक उतरवून पाण्यात बुडवावं लागेल.

दुसऱ्या दुकानात टायरच्या कडेवर लिहिलेले ४४ भरून घेतले आणि दिवा कायमचा गेला, असं तुम्ही म्हणता. सर, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. ४४ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठी ठरवलेला दाब नाही. इतक्या फुगलेल्या टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला नीट टेकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. शिवाय गळती थांबलेली नाही. ती दिव्यापर्यंत पोचायला आता जास्त दिवस घेईल, इतकंच. आणि पुन्हा पेटला तर दिव्यावर चिकटपट्टी लावणार, हे तर कृपा करून करू नका. हवा कमी असलेला टायर नुसत्या डोळ्यांना बराच काळ ठीकच दिसतो. वेगात त्याच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात, आणि भरलेल्या गाडीखाली तो फुटू शकतो.

आता आमच्याकडे हवा भरण्याआधी गाडी किती चालून आली ते विचारतो. टायर तापलेला असेल तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा ४ पीएसआय जास्त ठेवतो आणि दुसऱ्या सकाळी थंड टायरवर मोजायला सांगतो. दिव्याची तक्रार असेल तर गेज लावल्याशिवाय सेन्सरचं नाव काढायचं नाही, असं सगळ्यांना बजावलंय.

गाडी घेऊन या. ते चाक मी स्वतः उतरवून बघेन, तपासणीचे आणि पंक्चरचे पैसे घेणार नाही. फक्त निघण्याआधी, गाडी हलवायच्या आत, चारही चाकांचे आकडे कागदावर लिहून आणा.