ह्या बेल्टला काय धाड भरलीया?

उद्यमनगरातल्या दुकानात ग्राइंडरचा बेल्ट, म्हणजे कापडावर घासायचे दाणे चिकटवलेला पट्टा, मागितला की पहिला प्रश्न येतो, "फाउंड्री कुठली?" कोल्हापुरात घासायचं म्हणजे कास्टिंगच, हा समज फारसा चुकीचा नाही. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव, काहीतरी सांगितलं की माणूस ओळखीचा होतो. मी म्हणतो, "फाउंड्री नाही, घरी सुऱ्या करतो."

"बरं. महिन्याला किती निघतो माल?"

"एखाद-दुसरी."

"टन?"

"सुरी."

यानंतर आवाजात जी माया येते ती सहन होत नाही. "घ्या, साठचा न्या," म्हणून तो बेल्ट गुंडाळायलाच घेतो. कोल्हापुरात कुठल्याही धातूला, कुठल्याही कामाला उत्तर साठ नंबर.

नंबराचा मूळ हिशोब चाळणीचा आहे. इंचात भोकं जास्त, तर खाली पडणारा दाणा बारीक. म्हणून आकडा वाढला की बेल्ट मऊ. ३६चा दाणा अर्ध्या मिलिमीटरहून जाड, तो लोखंड अक्षरशः ओरबाडतो. इथवर पीठ चाळलेल्या कुणालाही कळेल. गोंधळ पुढे आहे. आकड्याआधी 'पी' असेल तर माप युरोपचं, नसेल तर बहुधा अमेरिकेचं. खडबडीत नंबरांत फरक जाणवत नाही, पण पी ४००चा दाणा ३५ मायक्रॉनचा आणि अमेरिकी ४००चा सुमारे २३चा, म्हणजे जवळजवळ पी ८००. दोन्हींच्या पाठीवर छापलेलं असतं ४००च. आणि काही बेल्टवर आकड्याआधी 'ए' असतो, तिथला आकडा मायक्रॉनच्या हिशोबाचा, म्हणून तिथं १६ हा ४५पेक्षा बारीक. हे मी दुकानदाराला एकदा समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग साठचाच न्या की."

दाण्याच्या जातीही आहेत. साधा तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त आणि गरीब. झिरकोनिया त्याहून दणकट. आणि सिरॅमिक, ज्याचा स्वभाव पक्का कोल्हापुरी. त्याला गोंजारलं तर तो बिघडतो. दाबून घासलं की त्याचा दाणा फुटतो आणि आतून नवी धार उघडी पडते. हलक्या हातानं घासलं तर टोकं नुसतीच गुळगुळीत होतात आणि महागाचा बेल्ट काचेसारखा चमकत फिरत राहतो.

खरा छळ इथून सुरू होतो, कारण बेल्ट मेला हे दिसत नाही. क्वचित जॉइंटला सुटतो, तेव्हा निदान फटकन आवाज तरी होतो. एरवी कापड धडधाकट, रंग शाबूत, मोटर मजेत. फक्त तो कापायचा थांबलेला असतो आणि तापवायला लागलेला असतो. माझी पाती ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केल्यावर, ती २०० अंशांच्या आसपास टेंपर केलेली असतात, ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवलेली. धारेपाशी लोखंड कागदाएवढं, उष्णता जाणार कुठं? आधी पिवळट छटा येते, आणि ३००च्या आसपास निळी. निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. वरचा रंग घासून निघतो, गेलेलं पाणी परत येत नाही. म्हणून पात्याला पाणी दिल्यावर बेल्ट नवा, हातमोजे नाहीत आणि शेजारी पाण्याची बादली. बोटाला चटका बसायच्या आत पातं बादलीत.

हे सगळं मी आण्णांना सांगून चुकलो आहे. आण्णांची नोकरी फाउंड्रीत झाली. मी केरात टाकलेला बेल्ट ते संध्याकाळी बाहेर काढतात, उजेडात धरतात, नखानं चाचपतात. "कापड तर नवं हाय की. ह्याला काय धाड भरलीया?"

"आण्णा, तो कापत नाही."

"तू दाबत नसशील."

एका बाबतीत त्यांचं खरं आहे, हे मी त्यांच्या तोंडावर बोलणार नाही. भट्टीतून निघालेल्या पात्यावरचा काळा पापुद्रा नव्या बेल्टचं वाटोळं करतो, तिथं जुनाच बरा. पण त्यासाठी चार पुरतात. आण्णांनी जमवलेल्यांत गिरणीचा पट्टा निघेल.

शेजारच्या काकूंना तसंच वाटतं. बेल्ट खिळ्याला टांगला तर तिथं घडी पडते आणि मशिनवर दर फेरीला ठक्क वाजतं, म्हणून जाड पाइपावर टांगायचे. शिवाय बेल्टांना हवा ४०-५० टक्के दमटपणाची लागते. आषाढात कोल्हापुरात अशी हवा फक्त आमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला सापडते. बायकोनं त्यावर मत दिलंय, ते इथं छापण्यासारखं नाही. काकूंनी दारातूनच ७२ इंची बेल्टांची रांग पाहिली. "गिरणी टाकालाईस व्हय रं?"

शेवटचं काम सगळ्यात चिकट. ६०चे ओरखडे १२०नं पूर्ण काढायचे, १२०चे २२०नं. घाई केली तर ४००ला, पातं चमकू लागलं की ६०चा एकच ओरखडा वर येतो. तो तिथंच होता. भावकी गेल्यावर दिसू लागला. उपाय एकच, परत १२०वर. म्हणून हातानं पॉलिश पेपर मारताना दर नंबराला दिशा बदलतात, मागचे चुकार ओरखडे आडवे पडतात आणि सापडतात. हे तासन् तास चालतं. तोंडाला मास्क नसेल तर दुसऱ्या दिवशी नाक शिंकरताना काजळी निघते.

गेल्या महिन्यात अशीच एक सुरी ४००पर्यंत नेली, शिसवीची मूठ बसवली आणि आत्याला दिली. आत्यानं ती खालीवर पाहिली, "ब्येस झालीया" म्हणाली आणि सवयीनं ओट्याच्या कडेवर खर्र, खर्र अशी दोन्ही बाजूंनी ओढली. कडाप्प्याचा नंबर किती, हे कुठल्याच तक्त्यात नाही.

"आता कशी लागली बघ धार," आत्या म्हणाली आणि टोमॅटो घेतला.