दुर्बोध कोड मोजण्याविषयी काही हितकारक सूचना

आपण लिहिलेला कोड दुसऱ्याला कळतो की नाही, हे त्या दुसऱ्यालाच विचारण्याच्या भानगडीत पडू नये. माणूस एखादे वेळी खरे बोलून जातो. त्यापेक्षा मोजमाप लावावे, कारण आकडा उलट प्रश्न विचारत नाही.

आरंभ थॉमस मॅकेब यांच्या १९७६ सालच्या सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी या गुंतागुंतीच्या मापापासून करावा. फंक्शनमधील (म्हणजे एखादे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातील) निर्णयाच्या जागा, म्हणजे ‘असे असेल तर’ छापाची वळणे, मोजायच्या, त्यांत एक मिळवायचा आणि बेरीज १० च्या आत ठेवायची, एवढेच काम. तुमची बेरीज २४ भरली, तर तर्क सोपा करत बसू नका. त्याच फंक्शनचे तीन तुकडे पाडा, त्यांना ‘प्रोसेस१’, ‘प्रोसेस२’ आणि ‘प्रोसेस२_नवीन’ अशी नावे द्या आणि ‘फ्लॅग’ नावाचे एक ग्लोबल व्हेरिएबल (कोडमध्ये कुठूनही बदलता येणारी किंमत) तिघांतून फिरवत ठेवा. प्रत्येक तुकडा १० च्या आत बसेल. तिसऱ्या तुकड्यात शिरताना फ्लॅग उणे एक का होतो, हे शोधण्यात नव्या सहकाऱ्याचा अख्खा दिवस गेला, तरी तो दिवस कुठल्याही बेरजेत धरला जात नाही. नावांचीही चिंता नको: या हिशेबात ‘थकबाकी’ आणि ‘टेंप’ यांचे वजन सारखेच, म्हणजे शून्य. याउलट क्रमांकावरून महिन्याचे नाव सांगणारे बारा केसचे, म्हणजे बारा पर्यायांतून एक निवडणारे, सरळसोट स्विच शाळकरी पोरालाही कळते, पण त्याची बेरीज १३ होते आणि ते दोषी ठरते. (अशा स्विचला ही मर्यादा लावणे रास्त नाही, हे खुद्द मॅकेब यांनीच नोंदवले होते, पण मूळ निबंध वाचणाऱ्याचे टीममध्ये फारसे चालत नाही.)

साहेबांना अधिक शास्त्रीय काही हवे असेल, तर मॉरिस हाल्स्टेड यांचे १९७७ सालचे सूत्र पुढे करा. ऑपरेटर (बेरीज, तुलना अशा क्रिया) आणि ऑपरंड (त्या ज्यांवर होतात ती नावे व आकडे) मोजून श्रम काढायचे आणि त्यांना १८ ने भागायचे, की लागणारा वेळ थेट सेकंदांत मिळतो. मेंदू सेकंदाला १८ प्राथमिक भेद (‘हे की ते’ असे छोटे निवाडे) करतो, असे त्यात गृहीत धरले आहे. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असतानाही अठराच.

२०१७ मध्ये सिमोने स्कालाब्रिनो आणि सहकाऱ्यांनी १२१ मोजमापे प्रत्यक्ष प्रोग्रामरांच्या आकलनाशी ताडून पाहिली, तेव्हा एकाचाही त्या आकलनाशी ठोस मेळ बसला नाही. खचून जाऊ नका. १२१ पैकी तुमच्या कोडला उत्तीर्ण करणारे एखादे तरी निघेलच. तेवढेच डॅशबोर्डवर लावा आणि उरलेली १२० अशास्त्रीय असल्याचे मीटिंगमध्ये कळवा.