औषध थांबवून प्रोबायोटिक? एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या आधीच्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. आतड्यातले जिवाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटण्याचा आजार) यांचा संबंध दिसलेला असूनही मी प्रोबायोटिकना (पोटात घ्यायच्या उपयोगी जिवंत जिवाणूंना) औषधाच्या ‘फार तर जोडीला’ म्हटलं. इराणमधल्या चाचणीत रुग्ण सुधारले, ते मी सांगितलं नाही. आणि प्रोबायोटिक प्रतिकारशक्ती वाढवतात हे कंपन्यांच्या सोयीसाठी दडपलं जातं. शेवटी तुम्ही विचारलंय की एमएस असलेल्या बहिणीचं औषध तीन महिने थांबवून हे करून बघावं का.

संबंधाबद्दल वाद नाहीच. 2011मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं की एमएससारखा आजार आपोआप होणारे उंदीर जंतुविरहित वाढवले तर निरोगी राहतात. पण उंदरावरून माणसावर उडी मारण्याचे परिणाम एमएसच्या रुग्णांनी भोगलेले आहेत. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखल्यावर उंदरांचा आजार कमी झाला. तेच काम करणारं लेनरसेप्ट हे औषध रुग्णांना दिलं, तर झटके (लक्षणं अचानक उफाळण्याचे प्रसंग) वाढले. 1999मध्ये ते निष्कर्ष छापून आले.

इराणची चाचणी 2017ची. 60 रुग्ण, 12 आठवडे, चार जिवाणूंची कॅप्सूल. अपंगत्व मोजणाऱ्या ईडीएसएस या मापावर प्रोबायोटिक घेणारे सरासरी 0.3ने खाली आले, दुसरा गट 0.1ने वर गेला. हे माप 0 ते 10 असं, अर्ध्या-अर्ध्या गुणाने सरकणारं. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी तपासलं तरी अर्ध्या गुणाचा फरक सहज पडतो. शिवाय ज्या आजारात दोन झटक्यांमध्ये वर्षही जाऊ शकतं, तिथे 12 आठवड्यांत काय कळणार?

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवतात’. खरंच वाढवत असतील, तर एमएसमध्ये ती भीतीची गोष्ट आहे! इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटलेली असते. गॅमा इंटरफेरॉन हे शरीरातलंच प्रथिन तिला चेतवतं. 1987च्या चाचणीत ते दिलेल्या 18 रुग्णांपैकी 7 जणांना झटके आले. हवा असतो तो लगाम, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचं काम. म्हणूनच मला 2018चा बॉस्टनचा छोटा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. एमएसचे रुग्ण फक्त 9, दोन महिने प्रोबायोटिक, आणि रक्तातल्या दाह वाढवणाऱ्या मोनोसाइट पेशी शांत झालेल्या दिसल्या. घेणं थांबवल्यावर हा परिणाम ओसरला. झटके कमी होतात का, हे इतक्या लहान अभ्यासातून ठरत नाही, पण दिशा योग्य आहे.

दडपादडपीचं म्हणाल तर आतड्यातले जिवाणू बनवतात त्या प्रोपिऑनिक आम्लासारख्या स्वस्त पदार्थावरही जर्मनीतल्या बोखुममध्ये एमएसच्या रुग्णांवर काम झालं आणि 2020मध्ये ते छापूनही आलं.

बहिणीचं औषध मात्र स्वतःहून थांबवू नका. नटालिझुमॅब किंवा फिंगोलिमोड ही एमएसवरची औषधं चालू असतील, तर बंद केल्यावर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना जिवंत जिवाणूंची कॅप्सूल घ्यायची, तर तेही न्यूरॉलॉजिस्टला आधी विचारा; क्वचित का होईना, असे जिवाणू रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. तिला नेमकं कोणतं औषध चालू आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.