वेटरला वाईट वाटू नये म्हणून

सोलापुरात आता 'कोझी' स्टेकहाऊस, म्हणजे मांसाचे जाड काप भाजून देणारं हॉटेल, निघालंय म्हणल्यावर तुम्ही जाणारच. नाही म्हणलात तरी साडूच्या स्टेटसला धूर निघणाऱ्या प्लेटीचा फोटो दिसला की घरातनं ऑर्डर निघणार आणि तुम्ही गाडी काढणार. म्हणून म्हणलं चार गोष्टी आधीच सांगाव्यात, आम्ही कायच तयारी न करता गेलो होतो, मी, बायको आणि आमचे अण्णा, आणि तिघंपण वेगवेगळ्या कारणानं दमून घरी आलो.

दिवस बघून जा. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा, घरात अजून कुणाची चतुर्थी-एकादशी असली तर संपलंच, आठवड्यात खायला मोकळे दिवस तीनच उरतात. आम्ही गुरुवारी गेलो कारण गुरुवारी गर्दी नसते असा माझा हिशोब होता, गर्दी का नसते ह्याचा विचार केला नव्हता. बायकोनं दारातच जाहीर केलं की मी पनीर खाणार. (अण्णा वार पाळत नाहीत, ते मिलमध्ये होते, तिथं शिफ्ट पाळायची सवय.)

आता कोझी म्हणजे काय ते समजून घ्या. गाळा लहान असला की पूर्वी लोक भाडं कमी करून मागायचे, आता त्याला कोझी म्हणतात आणि भाडं जास्त देतात. हा गाळा आधी टॉवेल-चादरीचं दुकान होता, त्यात अकरा टेबलं बसवलेत. तुम्हाला उठायचं असेल तर मागच्या माणसाला आधी पोट आत घ्यायला सांगावं लागतं. शेजारच्या टेबलावर मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता, मुलगा हिंजवडीत आहे, फ्लॅटचं लोन अजून बारा वर्षं आहे आणि त्याला कांदा चालत नाही हे आम्हाला मुलीच्या वडलांच्या आधी कळलं. लाइट मंद असतात. मेन्यू वाचायला मोबाइलचा टॉर्च लागतो, पण मेन्यूच मोबाइलवर स्कॅन करून बघायचा असतो, त्यामुळं दोन मोबाइल न्या. एसी असा की बाहेर ४३ डिग्री आणि आत अण्णा म्हणाले दुकान बंद करायला नको होतं, दोन चादरी घेतल्या असत्या.

आणि आता मेन मुद्दा, सर्व्हिस. तुम्हाला वाटत असेल की आपण पैसे देतोय, आपण बसायचं आणि ते आपली सेवा करणार. ही समजूत आधी काढून टाका. सेवा आपण करायची असते. ती पोरं एवढं मन लावून काम करतात की त्यांना वाईट वाटू नये ही सगळी जबाबदारी गिऱ्हाइकावर येते आणि तीन तास ती पार पाडता पाडता जेवायचं राहून जातं.

सुरुवात खुर्चीपासनं होते. अण्णा बसायला गेले तर एका पोरानं मागनं खुर्ची ओढली. बसवण्यासाठी ओढतात हो, पण अण्णांचा आजवरचा अनुभव असा की हॉटेलात कुणी आपली खुर्ची धरली म्हणजे शेजारच्या टेबलाला कमी पडली. त्यांनी दोन्ही हातानं हत्ता धरला. पोरगं ओढतंय, अण्णा सोडंनात, "बसा ना सर", "अरे बसायलाच धरलीय बे". शेवटी दोघांनी एकदम सोडली आणि खुर्ची मुलीच्या मामाला लागली. तर, कुणी खुर्ची ओढली की लढू नका.

मग पोरगं मांडीवर नॅपकिन अंथरतं. आता तुम्ही सोलापूरचे, तुमच्या मांडीवर कापड टाकल्यावर तुम्ही गप्प बसणार आहात का? अण्णांनी ते उचललं, काठ उलटा करून बघितला, दोन बोटांत चोळलं, उजेड नव्हता म्हणून मोबाइल मागितला आणि सांगितलं की सूत हलकं आहे, पहिल्या धुण्यात आटणार, कितीला घेतला? पोरगं म्हणालं, "आय विल चेक सर." गेलं आणि खरंच विचारून आलं! तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, हे लोक सगळंच मनावर घेणार म्हणून.

पाण्याचं तर विचारूच नका. तुम्ही एक घोट घेतला की ग्लास परत काठोकाठ. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसाआड येतं त्या गावातल्या माणसाला भरलेला ग्लास टाकून उठता येत नाही, अण्णा पीत गेले, पोरगं भरत गेलं, त्याला वाटत होतं काकांना तहान लागलीय आणि काकांना वाटत होतं पोराचं मन मोडू नये. पाचव्या बाटलीला अण्णांना उठावंच लागलं आणि मागच्या तिघांनी पोट आत घेतलं. बाटली ९० रुपयाला होती हे नंतर कळलं. तक्रार करायची सोय नाही, हॉटेलवाले बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकालच आहे. तुम्ही ग्लासावर हात ठेवून बसा.

ऑर्डर देताना स्टेक म्हणजे काय हे माहीत असल्यासारखं तोंड करा. मी घरनं वाचून गेलो होतो. मूळ प्रकार असा की बैलाच्या किंवा गाईच्या मांसाचा चांगला जाड काप तव्यावर नाहीतर जाळीवर झणझणीत आचेवर भाजायचा, बाहेरनं तांबूस आणि आतनं गिऱ्हाइकाला पाहिजे तेवढा कच्चा. आत ५०-५२ डिग्री असेल तर रेअर, ५५ च्या आसपास मीडियम रेअर, सत्तरीच्या पुढं गेलं की वेल डन. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय आणि वळू-बैल कायद्यानं बंद आहेत, त्यामुळं मोठ्या शहरांत स्टेक म्हणून बहुतेक म्हशीचा मिळतो, आणि आपल्याकडच्या ह्या कोझी गाळ्यात चिकन, बासा मासा, पनीर आणि मशरूम. म्हणजे नाव स्टेकहाऊस आणि ज्याच्यासाठी स्टेकहाऊस म्हणायचं तेवढं सोडून बाकी सगळं. तसं बघायला गेलं तर आपल्या गावात भाजनालयं आहेतच की, मटणाच्या दुकानातनं अर्धा किलो घ्यायचं, पिशवी तशीच नेऊन द्यायची, भाजून मिळतं. पण तिथं मांडीवर कुणी नॅपकिन टाकत नाही, आणि स्टेटसला टाकायलापण काय नाय.

तर पोरानं वही काढून विचारलं, "हाऊ वुड यू लाइक युवर चिकन सर? रेअर, मीडियम, वेल डन?" इथं सावध राहा. बीफला आत कच्चं चालतं कारण अख्ख्या तुकड्यात जंतू असले तर ते बाहेरच्या अंगाला असतात आणि बाहेरचं अंग भाजून निघतं, कोंबडीचं तसं नाही, ती आत ७४ डिग्रीपर्यंत शिजलीच पाहिजे. म्हणजे ह्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे आणि तरीपण तो विचारतोय. मी काय केलं असेल? मी "मीडियम" म्हणालो. वेल डन म्हणजे शाळेतल्या वहीवर बाईंनी मारलेल्या शेऱ्यासारखं वाटलं आणि रेअर म्हणायचं धाडस नव्हतं. बायकोला पनीरचं विचारलं, तीपण मीडियम म्हणाली. अण्णा म्हणाले, "शिजवून आण."

आत भटारखान्यात तिन्ही सारखंच शिजवलं असणार, देवाची कृपा.

मग ती प्लेट येते. लांबनं आवाज येतो, लाकडी पाटावर लोखंडी तापलेली प्लेट, खाली कोबीचं पान, वरनं त्यांनी बटर ओतलं की असा धूर उठतो की शेजारचा हिंजवडीवाला नवरामुलगा दिसेनासा झाला. मुलीला तेवढाच विचार करायला वेळ मिळाला. पोरगं तीनदा बजावतं, "प्लेट इज व्हेरी हॉट सर." मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला हे सांगायला लागतं का, पण तुम्ही दचकल्यासारखं करा, त्याला बरं वाटतं.

कापायचं तंत्र असं. डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी, काटा रुतवायचा आणि सुरी पुढंमागं करायची. सुरी चालते तशी प्लेटपण चालते. माझा तुकडा कर्र कर्र करत मक्याच्या दाण्यांतनं फिरत फिरत पलीकडच्या काठाला गेला, मी मागनं सुरी घेऊन. अण्णांनी सुरीची धार अंगठ्यावर बघितली, बाजूला ठेवली आणि प्लेट निवायची वाट बघत बसले. निवल्यावर हातानं तोडला. पण हातानं खाताना पोराच्या नजरेला नजर देऊ नका, त्याच्या डोळ्यांत तुम्हाला आपण कुठंतरी कमी पडलो असं दिसतं.

आणि खरी परीक्षा ह्याच्या पुढं आहे. ही सर्व्हिस अटेन्टिव्ह असते, म्हणजे तुमच्यावर लक्ष असतं, कधी घास तोंडात जातोय ह्याच्यावर. घास गेला की पोरगं हजर, "हाऊ इज एव्हरीथिंग सर?" तुम्ही मान हलवता. तो जातो. दुसरा घास, मॅनेजर हजर. तिसऱ्या घासाला टोपी घातलेला शेफ बाहेर आला, हात मागं बांधून उभा राहिला, आणि मी तोंडात तसाच पडलेला चिकनचा तुकडा गालात सरकवून "लव्हली" म्हणालो, ते त्याला "लवकर" असं ऐकू गेलं असावं कारण तो पळतच आत गेला. चौथ्या घासाला मालक. मालकांना मी अंगठा दाखवला. हा अंगठा लक्षात ठेवा, तोंड भरलेलं असताना हाच एक उपाय आहे, आणि जाताना उजव्या हाताचा अंगठा तेलकट होऊ देऊ नका.

खरं मात्र बोलायचं नाही. अण्णा बोलले. मॅनेजरनं विचारलं कसं आहे काका, तर ते म्हणाले मीठ कमी आहे. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात मिठाची डबी सरकवून विषय संपला असता. इथं तिघंजण आले, तिघांनी वेगवेगळी माफी मागितली, प्लेट आत गेली, वीस मिनिटं आम्ही दोघं खायचं थांबून बसलो कारण घरातलं मोठं माणूस उपाशी, आणि मग तोच तुकडा मीठ लावून परत आला. तोच, अण्णांनी तोडलेला कोपरा मी ओळखला. आता तो इतका वेल डन झाला होता की अण्णांनी कवळी काढून नॅपकिनात गुंडाळून खिशात ठेवली. मालकांनी लांबनं बघून अंगठा दाखवला. अण्णांनीपण दाखवला, नाइलाज होता.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. ह्या सगळ्याच्या आधी, ऑर्डर द्यायच्या वेळी, अण्णांनी त्या पोराकडं निरखून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "तू आमच्या मागल्या गल्लीतला ना बे? वडील तुझे आमच्या खात्यात होते." पोरगं एकदम गोरंमोरं झालं. इंग्लिश गळून पडलं. इकडं तिकडं बघितलं, पाण्याचा जग टेकवल्यासारखं करून खाली वाकलं आणि हळूच म्हणालं, "काका, ते स्टेक-बिक घेऊ नका हो, चामड्यागत होतंय ते. फ्राइड राइस घ्या. मीपण तेच खातो." संबंध संध्याकाळीत मिळालेली अटेन्टिव्ह सर्व्हिस म्हणायची तर ती एवढीच होती, आणि मी काय केलं, त्याला म्हणालो आम्ही राइस खायला आलो नाही, एक काम कर, मीडियम आण.

बिल बघताना चेहरा स्थिर ठेवा. आमचं बघा, दोन सूप ३९०, दोन चिकन स्टेक १०९०, पनीर स्टेक ४९५, बायकोचं ते निळं सरबत २२५, पाण्याच्या पाच बाटल्या ४५०, झाले २६५०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज २६५. मग ह्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे सर्व्हिस चार्जवरपण जीएसटी, एकूण ३०६१. आता मला माहीत होतं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलं, गिऱ्हाइकानं काढा म्हणलं की काढायला लागतो. सगळं पाठ करून गेलो होतो. पण समोर चौघं ओळीनं उभे, हात मागं बांधून, हसतमुख, ज्यांना मी तासाभरात नऊ वेळा अंगठा दाखवलाय, आणि त्यांना आता कुठल्या तोंडानं सांगायचं की सर्व्हिस आवडली नाही? मी वर पन्नास रुपये टीप ठेवली. तुम्ही शंभर ठेवा, पन्नासला त्यांचं तोंड जरा उतरलं असं मला रात्रभर वाटत होतं.

शेवटी फीडबॅकचा फॉर्म येतो. त्यात नाव, मोबाइल नंबर, चांदण्या किती, आणि वाढदिवस. बायकोनं पाच चांदण्या रंगवल्या. सूचना ह्या रकान्यात अण्णांनी मोडीसारख्या अक्षरात "सुरी बदला" असं लिहिलं, आणि वाढदिवसाच्या जागी १ जून, शाळेत गुरुजींनी घातला होता तोच. आता दर पंधरा दिवसांनी अण्णांच्या फोनवर मेसेज येतोय की वाढदिवसाला या, ब्राउनी फुकट. ब्राउनी काय असते ते त्यांना माहीत नाही पण फुकट काय असतं ते चांगलं माहीत आहे, आणि त्यांनी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलंय, तिथले सातच्या साती १ जूनचे. तेव्हा तुम्ही त्या दिवशी जाणार असाल तर टेबल आत्ताच फोन करून सांगून ठेवा, अकराच आहेत.