मावशीचा फोन अझरबैजानचा नाही

रात्री साडेनऊला नारायण पेठेतून मावशीचा फोन. "अरे, परवा घेतलेला मोबाईल परत करून ये. सातवा आकडा एक, आठवा तीन निघाला. अझरबैजानचा आहे म्हणे, तब्येतीला घातक." खोक्यावर ठसठशीत 'मेड इन इंडिया' छापलंय, पण 'जनहितार्थ' आलेल्या मेसेजपुढे खोक्याला कोण विचारतो!

मेसेज असा: *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. सातवा-आठवा आकडा ०० असेल तर फोन अस्सल, ०२ किंवा २० असेल तर अमिरातीतला, सुमार. १३ असेल तर अझरबैजानचा, प्रकृतीला धोका.

*#०६# खरं आहे. पूर्वी त्या दोन जागांवर फोन कुठे जोडला त्याचा संकेतांक असायचा, हेही कबूल. पण ती पद्धत २००४ मध्येच मोडीत निघाली. मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचा २३.००३ क्रमांकाचा दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतो. त्यानुसार पहिले आठ आकडे मिळून मॉडेलचा संकेतांक, पुढचे सहा त्या फोनचा अनुक्रमांक आणि शेवटचा आधीच्या चौदांवरून हिशोब करून काढलेला, आकडा चुकला तर कळावं म्हणून. दर्जा नाही, तब्येत तर नाहीच. त्यातले दोनच आकडे सुटे काढून वाचायचे, तर मावशीच्या ४११०३० या पिनकोडवरून तिच्या घरात तीस माणसं राहतात असंही म्हणता येईल.

हसून सोडून दिलं असतं. पण बनावट फोनवाला हवा तो नंबर घालतो, ०० सुद्धा. म्हणजे हा मेसेज वाचणारा चांगला फोन परत करणार आणि नकली खुशीत घेऊन येणार. तपासायचंच तर केवायएम ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. दूरसंचार विभागाची सोय आहे. आलेलं उत्तर हातातल्या फोनशी आणि बिलाशी जुळवा.

मेसेजमधला पुढचा मुद्दा: बॅटरीची एकच काडी उरली की किरणोत्सर्ग हजारपट. इथे नाइलाजाने अर्धे मार्क देतो. काडी बरोबर, पण बॅटरीची नाही, रेंजची! टॉवर नीट ऐकू येत नसेल तर फोन जोर लावून बोलतो. टूजीच्या १८०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात हा जोर १ मिलिवॅटपासून १ वॅटपर्यंत जायचा, म्हणजे खरोखर हजारपट. फोरजी फोनची कमाल साधारण ०.२ वॅट. शिवाय सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे असलेली, फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची १.६ वॅट प्रति किलोची मर्यादा पूर्ण जोर लावूनच तपासतात. तरी मावशी, वाड्याच्या जाड भिंतींआड माजघरात बसून तासभर बोलण्यापेक्षा गॅलरीत ये. बॅटरीही टिकेल.

नवा फोन आठ तास चार्जिंगला लावणं ही जुन्या निकेल बॅटऱ्यांची सवय. आताची लिथियमची भरली की फोनच चार्जिंग थांबवतो. आणि रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण येतात म्हणून मोबाईल बंद ठेवायचा, यावर शब्द खर्च करत नाही. काकांची अँजिओप्लास्टी झालीय. फोन रात्री चालूच राहू दे.

१४४२२ चं उत्तर आलं, कंपनी आणि मॉडेल बरोबर. मावशीने ते त्याच ग्रुपवर टाकलं. खाली कुणीतरी विचारलंय, "ते ठीक, पण सातवा आकडा काय?"