१ स्टार रिव्ह्यूला उत्तर: ड्रम सँडर, जळकं सागवान आणि फाटलेले पेपर

नमस्कार दादा, आमच्याकडून घेतलेल्या ड्रम सँडरचा (सँडपेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमखालून फळी घासून काढणारं मशीन) तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "ड्रम सँडर भंगार आहे, आठवड्यात ३ पेपर फाटले, सागवान जळतंय, फळी एका बाजूला जाड निघते आणि दुकानदार फोन उचलत नाही." फोनचं आधी बोलतो, ती चूक आमचीच, दोन दिवस माल उतरत होता त्यात कॉल राहिले आणि नंतर उलटा फोन करायचा तो पण नाही केला. सॉरी.

जाड-पातळचं पण आमच्याच अंगावर येतं. तुमचं मशीन १६ इंची, एका बाजूने उघडं, टेम्पोत हादरे बसले की ड्रम आणि टेबल समांतर राहत नाहीत, फिटरने ते बघायला पाहिजे होतं पण त्याने नुसतं चालू करून दाखवलं आणि निघाला. एकाच जाडीच्या २ पट्ट्या घ्यायच्या, एक या टोकाला एक त्या टोकाला, एकाच पासमध्ये काढायच्या आणि व्हर्नियर लावून दोन्हींची जाडी मोजायची, लगेच कळतं. ते मी स्वतः येऊन करून देतो, पैसे नाहीत.

पण जळण्याचं मशीनवर नका टाकू. तुम्हीच पाठवलेले फोटो झूम करून बघा, प्रत्येक फळीवर डावीकडून साधारण ४ इंचावर तीच काळी रेघ आहे. म्हणजे पेपरवर तिथे काहीतरी बसलंय. जोडाच्या फळ्यांतून बाहेर आलेला ग्लू पटाशीने काढल्याशिवाय आत घातला की तो गरम होऊन पेपरला चिकटतो, वर सागवानाचं तेल, मग ती जागा घासत नाही, नुसती भाजते. मशीनसोबत पिवळट रबराची वडी दिलीये ना, ती त्यासाठीच आहे, डस्ट कलेक्टर चालू ठेवून फिरत्या ड्रमला हलकी लावायची (बरेच जण खोडरबर समजून फेकून देतात!).

आणि पेपर का फाटले ते तुमच्या व्हिडिओतच आहे, ड्रम आणि टेबलमधलं अंतर कमी करायचं हँडल अख्खा एक फेरा फिरवलंय. एक फेरा म्हणजे अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) हो! ८० नंबरच्या पेपरला पाव फेरा पण पुष्कळ झाला, १२० च्या बारीक पेपरला त्याहून कमी. जाडी उतरवायला रंधा आहे, हे मशीन शेवटचा हात फिरवायला. शिवाय उजवीकडे पेपरचा एक वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसतोय, तिथूनच तो फाटणार. नवीन पेपर ५ मिनिटं चालला की गरम होऊन ताणतो आणि ढिला पडतो, तेव्हा मशीन बंद करून, प्लग काढून, क्लिप उघडून परत ओढून घ्यायचा, हे फिटरने सांगितलं नसेल तर तेही आमच्याच खात्यात.

शनिवारी ११ वाजता येतो, येताना ८० चा पेपर घेऊन येतो. एकच, बाकीचे दोन तुम्ही फाडलेत 🙂